उंबरठ्यावरचे वीस सेकंद

२०२० सालच्या १३ मार्चला, मध्यरात्र उलटून अर्धापाऊण तास झाला असताना, अमेरिकेच्या केंटकी राज्यातील लुईव्हिल शहरात साध्या वेषातील पोलिसांची एक तुकडी एका सदनिकेच्या दाराशी आली. आत ब्रिओना टेलर ही सव्वीस वर्षांची कृष्णवर्णी तरुणी आणि तिचा मित्र अंथरुणात होते. ती वैद्यकीय सेवेत काम करणारी, रुग्णवाहिकेवरील तातडीच्या उपचारांचे शिक्षण घेतलेली. दारावर थापा पडल्या आणि थोड्याच वेळात लोखंडी ओंडक्याच्या धक्क्याने दार निखळले. कोणी तरी घर फोडून आत शिरत आहे असे समजून मित्राने आपल्याजवळच्या पिस्तुलातून एक गोळी झाडली. ते पिस्तूल बाळगण्याचा त्याला कायदेशीर अधिकार होता. गोळी एका पोलिसाच्या मांडीत घुसली. उत्तरादाखल पोलिसांनी बत्तीस गोळ्या झाडल्या आणि ब्रिओना आपल्याच घरात मरून पडली. ज्या अमली पदार्थांसाठी हा छापा होता, ते त्या घरात मिळाले नाहीत.

या घटनेमुळे अमेरिकेत जो क्षोभ उसळला, त्याचे वृत्तांत जगभरच्या वृत्तपत्रांतून येऊन गेले आहेत. त्यातला एक बारकावा मात्र गर्दीत हरवला. न्यायाधीशाने मूळ दिलेले वॉरंट बिनवर्दीचे, म्हणजे तिकडच्या भाषेत ‘नो-नॉक’ होते. दार न ठोठावता, आपण कोण ते न सांगता आत घुसण्याची मुभा त्याने मिळत होती. परंतु प्रत्यक्ष छाप्यापूर्वी असे ठरले की, थाप मारून आणि ओळख देऊनच आत जावे. म्हणजे त्या रात्री कागदावर तरी नियम पाळला जायचा होता. आम्ही ओरडून ओळख दिली, असे पोलिसांचे म्हणणे. आम्ही ‘कोण आहे’ म्हणून विचारले, पण उत्तर ऐकले नाही, असे मित्राचे म्हणणे. शेजारपाजाऱ्यांपैकी बहुतेकांनी पोलिसांची हाक ऐकली नव्हती. ऐकल्याचे एकाने सांगितले. दार फोडतानाचे चित्रीकरण पुढे आलेच नाही. एका माणसाचा जीव ज्या दोन शब्दांवर अवलंबून होता, ते दोन शब्द उच्चारले गेले की नाही, हे ठरविण्याचे साधन कोणाच्याही हाती उरले नाही.

वर्दी देण्याचा हा नियम किती जुना आहे आणि तो असा पोकळ का झाला, हे पाहण्यासारखे आहे.

शेरीफ आणि बंद दार

नियमाचा उगम शोधू गेल्यास १६०४ सालच्या लंडनमध्ये जावे लागते. ब्लॅकफ्रायर्स भागातील एका घरात ग्रेशम आणि बेरिसफोर्ड असे दोन गृहस्थ सामाईक हक्काने राहत होते. बेरिसफोर्डने सेमेन नावाच्या माणसाचे कर्ज करून ठेवले आणि तो मरण पावला. घर ग्रेशमकडे आले. मृताची चीजवस्तू मात्र घरातच राहिली. सेमेनने न्यायालयाचा हुकूम मिळवला आणि त्या मालाची मोजदाद करण्यासाठी शेरीफ दाराशी येऊन ठेपला. ग्रेशमने त्याच्या तोंडावर दार लावून घेतले. आपले येणे बुडाले म्हणून सेमेनने ग्रेशमवरच दावा लावला, आणि तो हरला.

सर एडवर्ड कोक या प्रख्यात कायदेपंडिताने हा निकाल नोंदवून ठेवला आहे. प्रत्येकाचे घर हा त्याचा किल्ला, ही म्हण इंग्रज माणूस आजही छाती फुगवून सांगतो, तिचे कायद्यातील ठाणे ते हेच. पण म्हणीपेक्षा निकालातील व्यवहारी भाग अधिक महत्त्वाचा आहे. न्यायालयाने किल्ला अभेद्य ठरवला नाही. राजाच्या कामी, म्हणजे गुन्ह्याच्या प्रकरणात, शेरीफाला दार फोडता येईल असे स्वच्छ सांगितले. मात्र त्याने आधी येण्याचे कारण कळवावे आणि दार उघडण्याची विनंती करावी. कारण असे की, आत बसलेल्या माणसाला हुकुमाची वार्ताच नसेल, आणि ती कळली असती तर त्याने आपण होऊन कडी काढली असती. ज्याची काही चूक नाही त्याचे दार मोडणे कायद्याला आवडत नाही. नागरिक आज्ञाधारक असेल असे गृहीत धरून राज्यसत्तेने वागावे, हे या नियमाचे मर्म. दार ठोठावणे हा शिष्टाचार खरा, पण त्यामागे एक राजकीय तत्त्व उभे आहे.

इंग्लंडमधून अमेरिकेत गेलेल्या वसाहतवाल्यांनी हे तत्त्व बरोबर नेले, आणि इंग्रज सरकारनेच ते पायदळी तुडविले तेव्हा त्यांना त्याची किंमत उमगली. जकात बुडविलेला माल शोधण्याच्या नावाखाली कोणत्याही घरात, कोणत्याही वेळी शिरण्याचे सरसकट परवाने जकात अधिकाऱ्यांना दिले जात. १७६१ साली बॉस्टन येथे जेम्स ओटिस या वकिलाने त्या परवान्यांविरुद्ध केलेले भाषण स्वातंत्र्ययुद्धाच्या ठिणग्यांपैकी एक मानले जाते. अवाजवी झडती व जप्ती यांपासून नागरिकाच्या शरीराला, घराला, कागदपत्रांना व चीजवस्तूंना संरक्षण देणारी चौथी घटनादुरुस्ती १७९१ साली झाली ती या अनुभवातून. तिच्यात दाराचा किंवा थापेचा उल्लेख नाही. ‘अवाजवी’ या एका शब्दात काय काय बसते, हे ठरविण्यात अमेरिकन न्यायालयांची दोन शतके गेली.

मधल्या काळात, १९१७ साली, केंद्रीय कायद्यात हा नियम कलमबद्ध झाला: अधिकार व हेतू सांगूनही प्रवेश नाकारला गेला तरच दार फोडावे. १९५८ साली मिलर नावाच्या आरोपीचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे आले. वॉशिंग्टनमध्ये पहाटे पावणेचारला पोलिसांनी त्याचे दार ठोठावले होते. आतून ‘कोण’ असे विचारल्यावर त्यांनी हलक्या आवाजात ‘पोलीस’ एवढेच म्हटले. साखळी न काढता दार किलकिले झाले. मिलर पुन्हा ते लावू लागताच पोलिसांनी साखळी तोडली. घरात खुणेच्या नोटा सापडल्या. न्यायमूर्ती ब्रेनन यांनी लिहिलेल्या निकालात दोषसिद्धी रद्द झाली, कारण येण्याचे कारण पोलिसांनी सांगितले नव्हते. पुरावा खरा होता, पण तो कोणत्या वाटेने आला हे न्यायालयाने आधी पाहिले.

पियानो आणि कोकेन

अमली पदार्थांविरुद्धच्या मोहिमेने हे चित्र पालटले, आणि त्यामागे एक अत्यंत क्षुल्लक भासणारी वस्तुस्थिती होती. दारू पिंपात असते. हेरॉइन किंवा कोकेन पुडीत मावते. शौचकुपाची साखळी ओढली की काही क्षणांत पुरावा गटारात. थाप मारणे म्हणजे गुन्हेगाराला तेवढे क्षण बक्षीस देणे, असा युक्तिवाद सुरू झाला. न्यूयॉर्क राज्याने १९६४ साली बिनवर्दी प्रवेशाला मुभा देणारा कायदा केला. १९७० साली निक्सन यांच्या कारकीर्दीत वॉशिंग्टन शहरासाठी आणि देशभरच्या केंद्रीय अमली पदार्थ पथकांसाठी तसेच कायदे झाले. नॉर्थ कॅरोलिनाचे सिनेटर सॅम अर्विन यांनी त्यांना कडवा विरोध केला. हेच अर्विन पुढे वॉटरगेट चौकशी समितीचे अध्यक्ष म्हणून गाजले. ते दक्षिणेतले सनातनी वृत्तीचे गृहस्थ, नागरी हक्कांच्या विधेयकांना आडवे येणारे. घराच्या दाराचा प्रश्न मात्र त्यांना डाव्या-उजव्याच्या पलीकडचा वाटला.

१९७३ च्या एप्रिलमध्ये इलिनॉय राज्यातील कॉलिन्सव्हिल या गावी केंद्रीय पथकाने एकाच रात्री दोन निरपराध कुटुंबांची घरे चुकून फोडली. शस्त्रे रोखलेली माणसे अंगावर ओरडत आत शिरली तेव्हा आपण लुटले जात आहोत अशीच त्या कुटुंबांची समजूत झाली. देशभर ओरड झाली, आणि १९७४ साली काँग्रेसने बिनवर्दी प्रवेशाची ती कलमे मागे घेतली. चार वर्षांत कायदा आला आणि गेला. पद्धत मात्र गेली नाही. राज्यांच्या कायद्यांतून, न्यायाधीशांच्या सह्यांतून आणि ‘तातडीची परिस्थिती’ या लवचिक शब्दातून ती वाढतच राहिली.

१९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने एकमताने जाहीर केले की, वर्दीचा नियम हा चौथ्या घटनादुरुस्तीचाच भाग आहे. सेमेनच्या खटल्यानंतर ३९१ वर्षांनी त्याला घटनेत अधिकृत पाट मिळाला. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती क्लॅरन्स थॉमस हे पोलिसांच्या बाबतीत हळवे नसलेल्यांपैकी खचित नव्हेत. दोन वर्षांनी विस्कॉन्सिनच्या एका प्रकरणात, अमली पदार्थांच्या सर्वच झडत्यांना नियमातून सरसकट सूट द्यावी ही मागणी न्यायालयाने फेटाळली. पण थाप मारल्याने धोका संभवतो, किंवा ती व्यर्थ जाईल, किंवा पुरावा नष्ट होईल असा सकारण संशय असल्यास वर्दी न देता आत जाता येईल, असेही ठरविले. एका हाताने दिले ते दुसऱ्या हाताने निम्मे काढून घेतले, असे म्हणणे कठोर होईल. परंतु व्यवहारात जवळपास तसेच झाले.

मग वाट पाहायची किती? २००३ साली नेवाडा राज्यातील बँक्स या आरोपीच्या प्रकरणात याचे उत्तर आले. पोलिसांनी थाप मारली तेव्हा तो न्हाणीघरात होता. पंधरा ते वीस सेकंद थांबून पोलिसांनी दार फोडले आणि अंगावरून पाणी निथळत असलेला बँक्स त्यांच्यासमोर आला. वीस सेकंदांत माणूस न्हाणीघरातून दारापर्यंत येईल काय, हा त्याचा सवाल. न्यायमूर्ती सूटर यांनी सर्वांच्या वतीने सांगितले की, दारापर्यंत यायला लागणारा वेळ मोजायचा नसून कोकेन नाहीसे करायला लागणारा वेळ मोजायचा. चोरीचा पियानो शोधायला आलेल्या पोलिसांना अधिक वेळ थांबता येईल, असा दाखलाही त्यांनी दिला. पियानो कोणी शौचकुपात ढकलू शकत नाही.

तर्क बिनतोड आहे. पण त्याचा परिणाम चमत्कारिक होतो. माल जितका थोडा, तितका तो लवकर नष्ट करता येणार. म्हणून किरकोळ पुडीवाल्याच्या दाराला सर्वांत कमी मुदत, आणि गुदाम भरून माल ठेवणाऱ्याला सर्वांत जास्त. मूळ नियमाने घरातल्या माणसाच्या आज्ञाधारकपणाला वेळ दिला होता. नव्या हिशेबात पुरावा गटारात जायला लागणारा वेळ तेवढा मोजला जातो. आतला माणूस म्हातारा आहे, बहिरा आहे, आजारी आहे, की ते घरच चुकीचे आहे, हे त्या हिशेबात कोठेच बसत नाही.

मोल कोणी मोजायचे?

अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही ठाऊक असते की, ज्या वस्तूला किंमत नाही तिचा अपव्यय होतो. नियमांचेही तसेच आहे. नियम मोडणाऱ्याला काही तरी गमवावे लागत असेल, तरच त्याचा हात दाराच्या मुठीवर क्षणभर थबकतो. १९६१ पासून अमेरिकेत अशी एक किंमत होती: बेकायदा झडतीत मिळालेला पुरावा राज्यांच्या न्यायालयांतही वगळला जाई. पोलिसाची सारी मेहनत पाण्यात जाई, आणि ते त्याला चांगलेच झोंबे.

२००६ साली हडसन विरुद्ध मिशिगन या खटल्यात ही किंमत, निदान वर्दीच्या नियमापुरती, काढून टाकण्यात आली. डेट्रॉइटच्या पोलिसांनी १९९८ साली हडसनच्या दाराशी ओळख दिली, तीन ते पाच सेकंद थांबले आणि मूठ फिरवून आत गेले. नियम मोडला हे राज्य सरकारनेही मान्य केले. प्रश्न एवढाच होता की, पुरावा वगळायचा की ठेवायचा. खटला पहिल्यांदा ऐकला तेव्हा न्यायमूर्ती सॅन्ड्रा डे ओकॉनर पीठावर होत्या, आणि त्यांच्या प्रश्नांचा रोख घराच्या पावित्र्याकडे होता. निकालापूर्वी त्या निवृत्त झाल्या, त्यांच्या जागी न्यायमूर्ती अलिटो आले, खटला पुन्हा ऐकला गेला आणि पाच विरुद्ध चार मतांनी पुरावा ग्राह्य ठरला. एका माणसाच्या निवृत्तीने चारशे वर्षांच्या नियमाचे दात काढले, असे म्हटले तर अतिशयोक्ती होईल. पण फार मोठी नव्हे.

बहुमताचा निकाल न्यायमूर्ती स्कालिया यांचा. पोलीस थोडे अधिक थांबले असते तरी त्यांना वॉरंटानुसार तोच पुरावा मिळाला असता, म्हणून नियमभंग आणि पुरावा यांचा संबंध तुटक आहे, असे ते म्हणतात. ज्याचे दार फुटले त्याने दिवाणी दावा करून भरपाई मागावी. शिवाय पोलीस दल आता पूर्वीपेक्षा सुशिक्षित व शिस्तबद्ध झाले आहे, असाही त्यांचा विश्वास. यावर न्यायमूर्ती ब्रायर यांनी आपल्या भिन्न मतपत्रात एक साधा प्रश्न उपस्थित केला: केवळ वर्दी न दिल्याबद्दल नाममात्र रकमेहून अधिक भरपाई एखाद्या नागरिकाला मिळाल्याचा एक तरी छापील निर्णय दाखवा. बहुमताला तो दाखविता आला नव्हता.

हा निकाल जूनमधला. त्याच वर्षी २१ नोव्हेंबरला अटलांटा शहरात कॅथरिन जॉन्स्टन या ब्याण्णव वर्षांच्या एकट्या राहणाऱ्या वृद्धेच्या घराचे दार पोलिसांनी बिनवर्दीच्या वॉरंटाने फोडले. संरक्षणासाठी ठेवलेल्या जुन्या पिस्तुलातून तिने एक गोळी झाडली. ती कोणालाही लागली नाही. पोलिसांनी एकोणचाळीस गोळ्या झाडल्या. घरात अमली पदार्थ नव्हते. म्हणून पोलिसांनी ते तेथे आणून ठेवले. वॉरंट मिळविताना न्यायाधीशाला दिलेली माहितीही बनावट होती. ते पोलीस पुढे तुरुंगात गेले, पण ते खोटेपणाच्या आणि मनुष्यवधाच्या पायी. बिनवर्दी घुसणे हा स्वत: गुन्हा ठरला नाही, कारण त्याचे वॉरंट हाती होते. लुईव्हिलच्या प्रकरणातही प्रतिज्ञापत्रातील खोट्या मजकुराच्या कटात आपण सामील होतो, अशी कबुली एका तपास अधिकाऱ्याने २०२२ साली न्यायालयात दिली.

भरपाई दिली गेली नाही असे नाही. अटलांटाने जॉन्स्टनच्या वारसांना ४९ लाख डॉलर दिले, लुईव्हिलने टेलर कुटुंबाला १ कोटी २० लाख. पण दोन गोष्टी ध्यानात घेण्याजोग्या आहेत. पहिली, ही भरपाई मृत्यूची आहे, मोडलेल्या दाराची नव्हे. कोणी मेले नाही तर उंबरठ्यावरचा नियमभंग फुकटच. दुसरी, हे डॉलर आले कोठून? दार फोडणाऱ्याच्या पगारातून नव्हे. शहराच्या तिजोरीतून, म्हणजे ज्यांची दारे उद्या फुटू शकतात त्यांच्याच करांतून. उलट छाप्याचा लाभ पोलीस खात्याच्या पदरी पडतो: १९८४ च्या केंद्रीय कायद्यानंतर अमली पदार्थांच्या प्रकरणी जप्त मालमत्तेचा ऐंशी टक्क्यांपर्यंत वाटा स्थानिक पोलिसांना मिळू लागला. लाभ एकाचा, खर्च दुसऱ्याचा. अशा व्यवहारात छापे वाढतील की घटतील, हे सांगायला पदवीची गरज नाही.

पोलिसांची बाजू खोटी आहे असे मात्र मुळीच नाही. अमेरिकेत दर दहांपैकी तीन-चार घरांत बंदूक असते. दारामागे कोण, कशाच्या तयारीने उभा आहे हे बाहेरच्या शिपायाला कळत नाही, आणि ‘पोलीस’ ही हाक ऐकून आतला माणूस शस्त्राला हात घालेल ही भीती कल्पनेतली नव्हे. ओलिस धरलेल्या माणसाच्या सुटकेसाठी गेलेल्या पथकाने दार ठोठावत बसावे, असे कोणीही म्हणणार नाही. पण तीच बंदूक दुसऱ्या बाजूनेही विचारात घ्यावी लागते. त्या देशात घरात घुसणाऱ्या अनोळखी माणसावर गोळी झाडण्याचा हक्क कायदा देतो. अंधारात, न सांगता, दार फोडून येणारा माणूस पोलीस आहे की दरोडेखोर, हे ओळखण्याचे एकच साधन घरच्या माणसाजवळ असते, आणि ते म्हणजे वर्दी. ती काढून घेतली की, दोघांच्याही हाती शस्त्र आणि दोघांच्याही पाठीशी कायदा, अशी विलक्षण अवस्था येते. २०२२ च्या फेब्रुवारीत मिनिआपोलिस येथे बिनवर्दीच्या वॉरंटाने पोलीस आत शिरले. कोचावर पांघरूण घेऊन झोपलेला अमीर लॉक हा बावीस वर्षांचा तरुण हाती पिस्तूल घेऊन दचकून उठू लागला, आणि पोलीस शिरल्यापासून दहा सेकंदांच्या आत तो गोळ्यांना बळी पडला. वॉरंटात त्याचे नावही नव्हते.

शिवाय तिसरा मार्ग असतोच. ज्याला पकडायचे तो माणूस कधी तरी दूध आणायला, कामावर जायला बाहेर पडतो. घरावर पाळत ठेवून त्याला रस्त्यात अटक करण्यात शौर्य नाही, त्याला वेळ लागतो आणि शिपायांचे तास खर्च होतात. दार फोडायला पाच सेकंद पुरतात. स्वस्त कोणते हे जो तो आपापल्या हिशेबाने ठरवितो, आणि पोलिसांच्या हिशेबात नागरिकाचे दार आजवर शून्य किमतीला धरले गेले आहे.

ब्रिओना टेलरच्या मृत्यूनंतर जूनमध्ये लुईव्हिलच्या नगरपरिषदेने एकमताने बिनवर्दीच्या वॉरंटांवर बंदी घातली. त्याच वर्षी व्हर्जिनिया राज्याने तसाच कायदा केला, २०२१ साली केंटकीने अशी वॉरंटे मोजक्या प्रसंगांपुरती मर्यादित केली. केंद्रीय न्याय खात्यानेही २०२१ साली आपल्या पथकांवर बंधने घातली आणि २०२२ साली अध्यक्ष बायडन यांनी पोलीस सुधारणांचा जो आदेश काढला त्यात ती अंतर्भूत केली. तो आदेश २०२५ च्या जानेवारीत अध्यक्ष ट्रम्प यांनी पदावर येताच मागे घेतला. जे एका सहीने येते ते दुसऱ्या सहीने जाते.

आपल्याकडील उंबरठा

हा सारा परक्यांचा पसारा म्हणून सोडून देता येत नाही, कारण सेमेनच्या खटल्यातला नियम इंग्रजांच्या बोटीतून आपल्याकडेही आला. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत तो होता, १९७३ च्या संहितेच्या ४७ व्या कलमात तो कायम राहिला, आणि १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या ४४ व्या कलमात तो जवळपास अक्षरश: उतरला आहे. अटक करावयाचा माणूस घरात असल्यास पोलिसाने आधी आपला अधिकार व हेतू कळवावा, रीतसर प्रवेश मागावा, आणि तरीही तो मिळाला नाही तरच दार किंवा खिडकी फोडावी. ज्या खोलीत परंपरेने लोकांसमोर न येणारी स्त्री असेल, तेथे तिला बाहेर निघून जाण्यास सांगून त्यासाठी सवडही द्यावी, अशी भर या मातीत त्यात पडली. झडतीला त्याच वस्तीतले दोन प्रतिष्ठित पंच हवेत, हेही आपल्या कायद्यातच आहे.

आपल्या सर्वोच्च न्यायालयापुढे दारावरच्या थापेचा प्रश्न आला तो मात्र उलट्या बाजूने. उत्तर प्रदेशातील खडकसिंग याच्यावर दरोड्याचा आरोप होता, तो पुराव्याअभावी सुटला. तरी पोलिसांनी त्याच्या नावाचा इतिहासपट उघडला. गावचा चौकीदार व शिपाई रात्री-अपरात्री त्याच्या दारी येत, दार वाजवीत, ओरडत आणि त्याला झोपेतून उठवीत. अमेरिकन नागरिकाची तक्रार, पोलीस न ठोठावता आले. खडकसिंगची तक्रार, ते रोज ठोठावतात. १९६२ च्या डिसेंबरात न्यायालयाने रात्रीच्या या गृहभेटी घटनाबाह्य ठरविल्या आणि त्या निकालात सेमेनच्या खटल्याचा आधार घेतला. वर्दी देणे पुरेसे नाही, येण्याला कायद्याने मान्य केलेले कारणही हवे, हा धडा त्यातून निघाला. खासगीपणा हा मूलभूत हक्क नव्हे, असे त्याच निकालात म्हटले होते. ते मत २०१७ साली नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने पुसून टाकले.

पण किमतीचा मुद्दा आला की आपण अमेरिकेच्या पुढे, किंवा मागे, आहोत. बेकायदा झडतीत मिळालेला पुरावा केवळ त्या कारणाने वगळण्याची गरज नाही, असे आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी १९७३ च्या डिसेंबरातच पूरणमल प्रकरणात ठरविले. महाराष्ट्र शासनाच्या तस्करीच्या सोन्याच्या एका प्रकरणात पुढे तेच सूत्र लागू झाले. जे न्यायमूर्ती स्कालिया यांनी वर्दीच्या नियमापुरते २००६ साली केले, ते आपल्याकडे सर्वच झडत्यांना तेहतीस वर्षे आधी लागू होते. नियम पुस्तकात आहे, तो मोडल्याने खटल्याचे काही बिघडत नाही. आणि मोडलेल्या दाराबद्दल दिवाणी न्यायालयात भरपाईचा दावा लावून तो तडीस नेण्याइतका वेळ, पैसा आणि धीर चाळीतल्या वा झोपडीतल्या कोणत्या रहिवाशाजवळ असतो?

नव्या संहितेत एक गोष्ट मात्र नवी आहे. १०५ व्या कलमानुसार झडतीचे व जप्तीचे दृक्-श्राव्य चित्रीकरण, शक्यतो मोबाईलवर, केलेच पाहिजे आणि ते विनाविलंब दंडाधिकाऱ्याकडे पाठविले पाहिजे. लुईव्हिलमध्ये जे नव्हते ते आपल्या कायद्यात आले. पण झडती सुरू कोठे होते? कपाट उघडल्यावर, की जिन्यावर पाऊल पडल्यावर? चित्रीकरण घरात शिरल्यावर सुरू झाले, तर पंचनामा सुबक दिसेल, आणि दाराबाहेर काय बोलले गेले, किती थांबले गेले, हे त्या चित्रफितीत कधीच सापडणार नाही. लुईव्हिलच्या नगरपरिषदेने २०२० च्या आपल्या कायद्यात ही वेळ संदिग्ध ठेवलेली नाही. वॉरंट बजावणाऱ्या प्रत्येक पोलिसाचा कॅमेरा दाराशी पोहोचण्याच्या पाच मिनिटे आधी चालू असला पाहिजे, असे तेथे लिहिले आहे.